फ्रेमचा चौथा कोपरा : कंपाउंड मायटर सॉ घरी आणल्यानंतर

मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापणारी विजेची करवत, घेतलेला माणूस पहिल्याच रविवारी फोटोफ्रेम करायला बसतो. तीन कोपरे झकास जुळतात आणि चौथ्यात नख शिरेल एवढी फट राहते. मग लाकूड ओलं होतं, पट्टी वाकडी होती, दुकानदाराने फसवलं, असं सगळं सुरू होतं. मीही हेच म्हणालो होतो. प्रत्यक्षात हिशेब सोपा आहे. कोपरे चार असले तरी काप आठ असतात. मशीन ४५ ऐवजी ४४.५ अंशांवर उभं असेल आणि पट्टी पालथी करकरून सगळे काप एकाच बाजूने घेतले, तर अर्ध्या अर्ध्या अंशाचे चार अंश होतात. ते सगळे शेवटच्या कोपऱ्यात येऊन बसतात.

खोका उघडण्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काय काय करायचं ते इथे लिहितो आहे. सुरक्षेचा वेगळा धडा केलेला नाही, कारण या मशीनवर काप बिघडतो आणि बोट जातं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: लाकूड हललं.

मशीन कशासाठी आहे, कशासाठी नाही

मायटर म्हणजे मशीनचं फिरतं टेबल डावी-उजवीकडे फिरवून घेतलेला तिरका काप, बेव्हल म्हणजे डोकं, म्हणजे मोटर आणि ब्लेडचा वरचा भाग, कलंडवून घेतलेला काप. दोन्ही एकाच वेळी करता येतात म्हणून कंपाउंड. लांब पट्टीचे आडवे तुकडे करणं हे त्याचं काम. फळी उभी चिरणं, म्हणजे शिरांच्या दिशेने लांबीत कापणं, हे त्याचं काम नाही. प्लायची अख्खी शीटही त्यावर जात नाही. दहा इंची ब्लेडच्या, डोकं पुढे-मागे न सरकणाऱ्या मशीनवर सरळ काप साधारण पाच-साडेपाच इंच रुंदीचा बसतो आणि ४५ अंशांवर तो साडेतीन-पावणेचार इंचांवर येतो. विकत घेण्याआधी हे कळलं तर बरं.

आपल्याकडे एक गोंधळ हमखास होतो. लोखंड कापायच्या मशीनलाही लोक चॉप सॉ म्हणतात आणि दोन्ही दिसायला चुलत भाऊ. लोखंडवाल्यात घासून कापणारी चकती असते, आपल्यात दात असलेलं ब्लेड. मायटर सॉवर ती चकती लावायची नाही. ठिणग्या उडतात, आत साठलेला भुसा धुमसतो, आणि ब्लेड झाकणारा गार्ड तर त्या चकतीसाठी बनवलेलाच नसतो.

बसवणं आणि वीज

मशीन जमिनीवर ठेवून उकिडवं बसून कापणारे मी साइटवर रोज पाहतो. नवख्याने तसं करू नये. बसलेल्या माणसाचा तोल पुढे जातो आणि त्याच्या पुढे ब्लेड असतं. कंबरेच्या उंचीचं घट्ट टेबल घ्या आणि मशीनच्या पायांतल्या भोकांतून चार बोल्ट आरपार घालून ते बसवा. मग दोन्ही बाजूंना मशीनच्या बेडच्या, म्हणजे लाकूड ठेवायच्या सपाट भागाच्या, बरोबर उंचीचे ठोकळे किंवा स्टँड ठेवा. सहा फुटी पट्टीचं लांब टोक अधांतरी राहिलं तर काप संपताना ते खाली झुकतं, कापाची फट आवळते आणि ब्लेड अडकतं. बेडवर एक सरळ पट्टी ठेवून दोन्ही ठोकळ्यांवर ती टेकते का ते पाहा. दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरलं तर खाली प्लायचा तुकडा सारा.

दहा इंची मशीन साधारण १६५० ते १८०० वॅटचं असतं, म्हणजे चालताना सात-आठ अँपिअर. सुरू होतानाचा झटका याच्या कितीतरी वर जातो. टीव्हीचं ६ अँपिअरचं सॉकेट यासाठी नाही. गीझरसाठी असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट हवं. एक्स्टेन्शन लागलंच तर तांब्याची, २.५ चौ. मि.मी.ची वायर घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

गावाकडे व्होल्टेज उतरलेलं असतं तेव्हा मोटर कण्हते, ब्लेड मंदावतं, आणि माणूस नकळत जास्त जोर देतो. अशा वेळी काम थांबवावं. कापता कापता लाइट गेली तर ट्रिगर सोडा, प्लग काढा, मगच लाकडाला हात लावा. काही मशीनवर ट्रिगर दाबलेला ठेवायचं बटण असतं. ते तसंच राहिलं आणि तुम्ही चहाला गेलात, तर लाइट आल्यावर रिकाम्या खोलीत मशीन सुरू होतं.

अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने मशीन आणलं असेल तर ते १२० व्होल्टचं असतं. त्याला तीन केव्हीएच्या आसपासचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय तिकडच्या दहा इंची ब्लेडचं मधलं भोक ५/८ इंचाचं, आणि इथे मिळणारी ब्लेडं बहुतेक २५.४ किंवा ३० मि.मी.ची. फुकटच्या मशीनला ब्लेड शोधत फिरावं लागतं ते यामुळे.

ब्लेड

मशीनसोबत येणारं ब्लेड बहुधा २४ किंवा ४० दातांचं असतं. ओबडधोबड कामाला ते चालतं. फ्रेम, बीडिंग, व्हिनिअरची पट्टी असं दिसणारं काम असेल तर ६० किंवा ८० दातांचं घ्या. विकत घेताना दातांच्या संख्येइतकाच दातांचा पुढे झुकलेला कोनही पाहा. टेबल सॉच्या ब्लेडचे दात १५-२० अंश पुढे झुकलेले असतात आणि ते मायटर सॉवर लाकूड अंगावर ओढून घेतात. इथे शून्याच्या आसपास किंवा उणे पाच अंशांचं ब्लेड शांत चालतं. आणि ब्लेडवर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवेत.

बदलताना आधी प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा. आर्बरच्या, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, बोल्टला बहुतेक मशीनवर उलटे आटे असतात, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. हे ठाऊक नसल्याने पान्यावर लटकून बोल्ट आणखी आवळणारे बरेच आहेत, मीसुद्धा त्यातलाच. ब्लेडवरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळवा. तुमच्या समोरच्या बाजूला दात खाली वळलेले दिसले पाहिजेत. दोन्ही वायसर पुसून घ्या, कारण मध्ये भुशाचा कण राहिला तरी ब्लेड डुलतं.

गुण्या लावणं : इथे अर्धा तास घालवाच

कारखान्यातून मशीन जुळवून येतं, पण टेम्पोतून येताना त्याला धक्के बसतात. त्यामुळे नव्या मशीनवरही विश्वास ठेवू नये.

प्लग काढलेला असू दे. टेबल शून्यावर, खाचेत बसेपर्यंत फिरवा. डोकं खाली करून पिन लावा. गुण्याची एक बाजू फेन्सला, म्हणजे मागच्या उभ्या पट्टीला, आणि दुसरी ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवा. दाताला टेकवू नका. दातांची टोकं अंगापेक्षा जाड असतात, आणि गुण्या दातावर टेकला तर तुम्ही चूक माप खरं मानून बसाल. मागे मोबाइलची बॅटरी धरा. गुण्या आणि ब्लेड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसते का? दिसली तर फेन्सचे एलन बोल्ट सैल करून फेन्स गुण्याला टेकवा आणि बोल्ट आळीपाळीने आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर फेन्स पुन्हा सरकते. मग गुण्या बेडवर उभा करून कलंडण्याचा शून्य तपासा. तो जुळवायला डोक्याच्या मागच्या बाजूला थांबा-बोल्ट असतो.

आता खरी परीक्षा. चार इंच रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली एमडीएफची पट्टी घ्या. मधोमध पेन्सिलने फुली मारा आणि फुलीवरून सरळ काप घ्या. उजवा तुकडा पालथा करा, दोन्ही तुकडे फेन्सला टेकवा आणि कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. फट दिसली नाही तर मशीन काटकोनात आहे. दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. १०० मि.मी. रुंदीवर एक मि.मी. फट म्हणजे अर्ध्या मि.मी.ची चूक, जवळजवळ ०.३ अंश. गुण्याला जे दिसत नाही ते या पालथ्या तुकड्याला दिसतं.

शून्य बरोबर बसला की ४५ च्या खाचा बहुधा आपोआप बरोबर येतात, कारण सगळ्या खाचा एकाच पत्र्यात कोरलेल्या असतात. फेन्स अर्धा अंश तिरकी असेल तर मात्र डावीकडचा काप ४४.५ चा आणि उजवीकडचा ४५.५ चा होतो. नक्षीची पट्टी पालथी करता येत नाही, तिला एक काप डावीकडून आणि एक उजवीकडून घ्यावा लागतो. मग दोन चुका एकमेकींना खातात, कोपरा काटकोनात येतो, पण दोन पट्ट्यांची तिरकी लांबी सारखी भरत नाही आणि टोकं एकमेकांपुढे डोकावतात. फट दिसली तर चूक एका तऱ्हेची, टोक डोकावलं तर दुसऱ्या.

लेझरच्या लाल रेघेवर मी काप घेत नाही. ती फक्त जवळपास आणते. ब्लेड हाताने खाली आणून दात रेघेला टेकवतो, तेही टाकाऊ बाजूने. ब्लेड स्वतः जवळपास एक सूत लाकूड खातं, आणि रेघेच्या नेमक्या मधोमध कापलं तर तुकडा अर्धा सूत कमी भरतो.

अंगावर काय असावं, काय नसावं

चष्मा हवाच. आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो, म्हणून कानांना मफ किंवा प्लग. भुशाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातलेलं आहे, आणि सागवानाच्या भुशाने कित्येकांना शिंका आणि खाज येते. तोंडावर रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्क लावा. मशीनच्या पिशवीत निम्मा भुसासुद्धा जात नाही, जुना व्हॅक्यूम क्लीनर जोडता आला तर उत्तम.

हातमोजे घालू नका. फिरत्या ब्लेडला मोज्याचं एक टोक सापडलं की ते हातासकट ओढलं जातं. बाह्या दुमडा, ओढणी काढून ठेवा, गळ्यातलं आत घाला. मनगटावरचे दोरे, गंडे, कडं, अंगठी हेही उतरवा. देवाचा दोरा काढायला लोक कचरतात. कामापुरता देवाजवळ ठेवावा.

काप

प्लग लावण्याआधी एकदा रंगीत तालीम करा: लाकूड ठेवा, डोकं खाली आणा, गार्ड सुरळीत वर सरकतो का आणि ब्लेड फेन्सला किंवा क्लँपला कुठे घासत नाही ना, ते बघा. कोन बदलला की प्रत्येक वेळी ही तालीम पुन्हा. कलंडवलेल्या डोक्याने फेन्सची वरची कड खाल्ली की तो ओरखडा जन्मभर राहतो.

लाकूड खाली बेडला आणि मागे फेन्सला, दोन्हीकडे टेकलेलं हवं. फळी बाकदार असेल तर फुगलेली बाजू फेन्सकडे करा. कापाच्या जागी लाकूड फेन्सला टेकत नसेल तर कापताना दोन्ही भाग आतल्या बाजूला मिटतात आणि ब्लेड चिमटीत सापडतं.

हात ब्लेडपासून किती लांब? बऱ्याच मशीनच्या पुस्तिकांत सहा इंच लिहिलेलं असतं. मी एक वीत म्हणतो, कारण वीत मोजायला वेगळी टेप लागत नाही. वीतभर अंतर राहत नसेल तर हाताने धरायचंच नाही, क्लँप लावायचा. हातांची कात्री कधीही करायची नाही, म्हणजे डावा हात ब्लेडच्या उजवीकडे नेऊन लाकूड धरणं बंद. उभं राहताना ब्लेडच्या सरळ रेषेत न राहता थोडं बाजूला उभं राहा.

आता ट्रिगर दाबा. ब्लेड लाकडाला न लावता पूर्ण वेगात येऊ द्या. आवाज चढत चढत एका सुरात स्थिरावतो, तो सूर लागला की डोकं सावकाश खाली आणा. ढकलू नका, ब्लेड स्वतः कापत जातं. काप पूर्ण झाला की डोकं खालीच ठेवून ट्रिगर सोडा. ब्लेड थांबेपर्यंत थांबा. ब्रेक असलेल्या मशीनवर दोन-चार सेकंद, नसलेल्यावर बरीच जास्त. मग डोकं वर.

या शेवटच्या थांबण्यात मी एकदा चुकलो होतो. दोन इंचांचा बीडिंगचा तुकडा हवा होता. काप झाला आणि ब्लेड फिरत असतानाच मी डोकं वर घेतलं. मागच्या बाजूचे दात वर जात असतात, त्यांनी सुटा तुकडा उचलला. मला फक्त फट्ट असा आवाज आला. तुकडा कानाजवळून जाऊन मागच्या कपाटाच्या काचेवर आदळला आणि काचेत वरपासून खालपर्यंत तडा गेला. दहा इंची ब्लेड मिनिटाला पाच हजार फेरे घेतं तेव्हा दाताचं टोक ताशी सुमारे २४० किलोमीटरने पळत असतं, हा हिशेब मी त्या दिवशी संध्याकाळी केला.

म्हणून छोटे तुकडे नेहमी लांब पट्टीतूनच कापायचे, पट्टी क्लँप करून. सारख्या लांबीचे तुकडे हवे असतील तर थांबा-ठोकळा लावा, पण धरलेल्या बाजूला. सुटून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला ठोकळा लावला तर तो तुकडा ब्लेड आणि ठोकळ्यात अडकतो आणि उडतो. ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्यात थोडी फट ठेवा, म्हणजे भुसा तिथे साठून माप खोटं होत नाही.

गोल वस्तू, म्हणजे बांबू किंवा दांडा, दाताला लागताच गरकन फिरतात. त्यांना इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेत बसवून क्लँप हवाच. जुन्या वाड्यांचं सागवान वखारीत मिळतं आणि त्याच्यासारखं लाकूड आता नव्यात मिळणं कठीण, पण त्यात डोकं तुटलेले खिळे असतात. एक बऱ्यापैकी चुंबक सर्व बाजूंनी फिरवून घ्या.

आणि गार्ड. साइटवर तो बाइंडिंग तारेने वर बांधलेला दिसतो. ‘मध्ये येतो’ म्हणतात. गार्ड मध्ये येतो तो बहुतेक भुसा आणि चीक साठल्याने. ब्रशने साफ केला की आपोआप सरकतो. ज्या मशीनचा गार्ड बांधलेला आहे त्याला मी हात लावत नाही, मालक कुणीही असो.

दोन्ही कोन एकत्र

समजा बाल्कनीसाठी लाकडी कुंडी करायची आहे, बाजू वर पसरत जाणाऱ्या, उभ्यापासून १५ अंश बाहेर झुकलेल्या. सगळे ४५ लावून बघतात आणि कोपरे उघडे पडतात. फळी बेडवर सपाट ठेवून टेबल १४.५ अंश फिरवायचं आणि डोकं ४३ अंश कलंडवायचं. बाजू ४५ अंश झुकलेल्या असतील तर टेबल ३५.३ आणि कलंडणं ३०. बऱ्याच मशीनच्या पट्टीवर ३१.६ आणि ३३.९ ला खास खुणा दिसतात. त्या अमेरिकन घरांत छताखाली लावतात त्या तिरप्या लाकडी पट्टीसाठी. आपल्याकडे ते काम पीओपीवाला करतो, तेव्हा त्या खुणांकडे बघून बुचकळ्यात पडू नका. कंपाउंड काप पहिल्यांदा टाकाऊ पट्टीवरच, चारही कोपरे टेपने जोडून बघा.

काम संपल्यावर

प्लग काढा, डोकं खाली करून पिन लावा, ब्रशने भुसा काढा. उचलताना वरचा हँडल धरा, गार्ड धरून उचलू नका. कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात बेडवर गंज धरतो. साधं मेण घासून पुसलं की लाकूडही छान सरकतं. सिलिकॉनचा स्प्रे टाळा, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. मोटरमध्ये ठिणग्या वाढल्या, वेग तुटक झाला, तर कार्बन ब्रश झिजले का बघा. दोन्ही एकदमच बदलायचे.

राहिला चौथा कोपरा. मशीन जुळवूनही केसभर फट राहिली तर कोनाची पट्टी हलवत बसू नका, ०.२ अंश हाताने लागत नाहीत. पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता घ्या आणि ब्लेडपासून चार इंचांवर फेन्स आणि पट्टी यांच्यामध्ये सारा. पट्टी क्लँप करा आणि टोकाची नुसती साल निघेल एवढा काप घ्या. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना हे सारखंच करा, नाहीतर लांबी बिघडेल. फट कोपऱ्याच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, त्यावरून पत्ता ब्लेडच्या डावीकडे की उजवीकडे ते ठरतं. पहिल्यांदा चुकतंच, म्हणून पट्टी घेताना एक हात जास्त आणावी. मग चारही बाजू टेपने बांधून फ्रेम उजेडासमोर धरा, आणि गोंदाचं झाकण त्यानंतर उघडा.